निळी गाडी घाटात का थांबते

ओबो
५ फेब्रुवारी १९९१

प्रिय ओफोसू,

तू तिकडे तेमाच्या बंदरात बोटींची इंजिनं खोलतोस, मी इथे डोंगरावर पाव भाजते. एकमेकांच्या धंद्यात नाक खुपसायचं नाही असं आपलं ठरलेलं. आज मी ते मोडते आहे, कारण बाबांच्या निळ्या पिकअपने मला रडकुंडीला आणलंय.

सकाळी पाव घेऊन न्कॉकॉला उतरताना गाडी सशासारखी पळते. उतारावर काय, कुणीही पळेल. पण मैद्याची पोती घालून घाट चढायला लागलं, की दुसऱ्या वळणावर तिचा दम जातो. आधी गचके, मग खोकला, मग मागून फट् फट् बार. पाय आणखी दाबला तर आणखी मरते. काल मी पोत्यांसकट घाटात उभी होते. मागून आलेल्या ट्रकच्या क्लीनरने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय मावशी, आज पावाऐवजी गाडी भाजताय का?" मी त्याला जे बोलले ते लिहीत नाही. आई आता पत्र वाचून दाखव म्हणेल.

साकी फिटरने प्लग बदलले. काही दिवस गाडी अगदी गुणी पोरीसारखी वागली. मग पुन्हा तेच.

मला घाई आहे ती वेगळ्याच कारणाने. अँत्वीदादाचा निरोप आलाय. तो बाबांचा भाचा. आपल्यात मामाचं ते भाच्याचं, तेव्हा गाडी हक्काने त्याची. बाबा गेले तेव्हा त्याने मोठ्या मनाने ती माझ्याकडे राहू दिली, आईचं पोट तिच्यावर आहे म्हणून. आता अक्रात कुणीतरी त्याचे कान भरलेत की बिरागोने मामाच्या गाडीचं खटारं करून टाकलं. तो म्हणतो, "मे महिन्यात मामाच्या वर्षाच्या विधीला येईन तेव्हा त्याच गाडीत बसून घाट चढेन. चढली तर बघू. नाही चढली तर तुला ती सांभाळता येत नाही असं समजेन, आणि विकून टाकेन."

गाडी गेली की भट्टी गेली. मैदा काय डोक्यावरून आणू? काहीतरी सांग.

तुझी,
बिरागो


तेमा
१६ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. क्लीनर काय म्हणाला ते सविस्तर कळलं. इंजिन काय म्हणतं ते मात्र कळलं नाही. गाडी उभी असताना नीट चालते का? गार असताना मिसिंग करते की तापल्यावर? सपाटीला कशी आहे? धूर काळा, पांढरा की निळा? तू लिहितेस 'खोकते'. माझी सासूही खोकते. त्यावरून मी तिचा कार्बोरेटर उघडायचा का?

साकी प्लग बदलतो, कारण त्याच्याकडे प्लग आहेत. छत्र्या असत्या तर छत्री बसवली असती.

आता हे कर. इंजिन चालू ठेव. प्लगच्या चारही वायरी एकेक करून काढ आणि परत लाव. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलिंडर आळशी. हाताला रबर गुंडाळ. विसरू नकोस.

ओफोसू


ओबो
२ मार्च

ओफोसू,

रबर गुंडाळलं होतं. चपलेचं. तरी असा झटका बसला, की आपल्या घराण्यातले आजवर गेलेले सगळेजण एका रांगेत दिसले.

कुठलीही वायर काढली तरी इंजिन सारखंच रडतं. म्हणजे आळशी कुणीच नाही, किंवा चौघेही. उभी असताना ठीक. सपाटीला कधी ठीक, कधी नाही. धूर विशेष नाही. गार-गरम असा काही नेम नाही. सोमवारी सगळ्यात वाईट असते आणि आठवडा सरता सरता सुधारते. हे लिहिताना मलाच हसू येतंय. यंत्राला वार कळतात का?

आई बाकावर बसून हे सगळं बघत होती. मध्येच म्हणाली, "त्याला असे चिमटे काढू नका गं." हल्ली ती गाडीला 'तो' म्हणते. गाडी खोकली की तिचा चेहरा उतरतो. "दमलाय तो," म्हणते. मी तिला म्हटलं, "आई, दमलेय मी." तर म्हणाली, "तू तरणी आहेस." चव्वेचाळीसची मी तरणी! तेवढ्याने सुद्धा बरं वाटलं, बघ.

बिरागो


तेमा
११ मार्च

ताई,

शेवटी एक कामाचं पत्र आलं. चारही सिलिंडर सारखेच रडतात, म्हणजे दोष ठिणगीचा नाही, जेवणाचा आहे. पेट्रोल नीट पोचत नाही, नाहीतर पेट्रोलच नीट नाही.

फिल्टर बदल. मग कार्बोरेटरच्या खालची वाटी पांढऱ्या बशीत उघड आणि काय सांडतं ते नीट बघ. टाकीच्या बुडाला एक नटबोल्ट आहे. तो सैल करून तळाचं पेट्रोल पारदर्शक बाटलीत घे, आणि तासभर हलवू नकोस. तुला जमेल का तासभर काहीतरी न हलवणं?

सोमवारचं काय ते मला कळलं नाही. वार सोड, बाटली बघ.

ओफोसू


ओबो
२३ मार्च

ओफोसू,

तुझं ऐकलं. बशीत पेट्रोल सांडलं, आणि त्यात पाण्याचे गोल मणी. बोट लावलं की पळायचे, पेट्रोलमध्ये मिसळायला तयारच नव्हते. बाटलीत तर सरळ दोन थर बसले. वर पिवळसर पेट्रोल, खाली बोटभर पाणी. गाडी मैदा घेऊन चढते, आणि पंपवाला बेदियाको तिला पाणी पाजतो!

मी ती बाटली घेतली आणि थेट त्याच्या पंपावर गेले. भर गाडीतळावर, सगळ्या ड्रायव्हरांसमोर ती त्याच्या नाकापुढे धरली. तो म्हणाला, "बिरागोबाई, मी पाणी घालत असतो तर हे सगळे घाटात तुमच्या शेजारी उभे नसते का?" मी म्हटलं, "यांच्या गाड्यांना तुझी सवय झाली असेल." लोक हसले. तो नाही हसला. बाबांच्या शवपेटीला खांदा द्यायला आला होता, ते मला परत येताना आठवलं. पण बाटली खोटं बोलत नाही.

टाकी पूर्ण रिकामी केली, कोरडी केली. आता पेट्रोल दुसऱ्या पंपावरून आणते.

बिरागो


तेमा
१ एप्रिल

ताई,

मी बाटली भरायला सांगितलं होतं, भांडायला नाही. त्या माणसाने विचारलं ते अगदी बरोबर होतं. बाकीच्या गाड्या का चालतात? याचं उत्तर मिळेपर्यंत तोंड मिटून गाडी चालव आणि काय होतं ते कळव.

ओफोसू


ओबो
१५ एप्रिल

ओफोसू,

मी थकले.

टाकी धुतल्यावर गाडी अशी चढली की शेवटच्या वळणावर मी एकटीच गात होते. ईस्टरला सगळे डोंगरावर आपापल्या घरी आले होते. भट्टी दिवसभर धगधगत होती, गाडी दिवसातून दोनदा खाली-वर. एकदाही खोकली नाही. मला वाटलं, सुटले.

आज पुन्हा तेच. दुसरं वळण, गचके, बार. पेट्रोल दुसऱ्या पंपाचं. पाऊस अजून नाही. टाकीचं झाकण घट्ट. तळाचं बाटलीत घेतलं तर पुन्हा खाली बोटभर पाणी. येतं कुठून हे? आभाळातून नाही, पंपातून नाही, मग काय लोखंडाला घाम फुटतो?

बेदियाको आता मला पाहिलं की पाठ फिरवतो. आई म्हणते, "त्याला अजून हवंय." काय हवंय विचारलं, तर भाजी चिरायला लागली. अँत्वीदादाने विधीची तारीख पक्की केलीय. महिना उरलाय. मला खरंच कळत नाही मी काय चुकतेय.

बिरागो


तेमा
२४ एप्रिल

ताई,

एवढे दिवस आपण दोघं 'पाणी, पाणी' करत बसलो. ते पाणी आहे असं सांगितलं कुणी? खालच्या थरातलं थोडं तळहातावर घे, चोळ, पेट्रोल उडून जाऊ दे, आणि मग वास घे. हे मी पहिल्याच पत्रात विचारायला हवं होतं. आमच्या बोटीवरचा पोऱ्यासुद्धा आधी वास घेतो.

ओफोसू


ओबो
३० एप्रिल

ओफोसू,

गाडीचं कारण सापडलं. टाकी धुतली. आता ठीक आहे. तू कामात असतोस, जास्त काही विचारू नकोस. बोटींकडे लक्ष दे.

बिरागो


तेमा
७ मे

ताई,

चार ओळी? तू? क्लीनर काय म्हणाला ते मला पानभर ऐकवणारी तू?

मी मूर्ख नाही. वास घेतलास, काहीतरी कळलं, आणि तू कुणालातरी पाठीशी घालते आहेस. टाकीत कुणीतरी मुद्दाम काहीतरी ओततंय. गाडी बंद पडली तर फायदा कुणाचा? अँत्वीदादाचा. ओबोत त्याची माणसं आहेतच. तू घाबरलीस, हो ना? रविवारी मी अक्राला जातोय. त्याच्या दुकानात, त्याच्या गिऱ्हाइकांसमोर विचारतो. बेदियाकोला तू विचारलंस ना, तसंच.

ओफोसू


ओबो
९ मे

ओफोसू,

हे पत्र मी टपालात टाकत नाही. खाली उतरणाऱ्या कोफी ड्रायव्हरच्या हाती देते आहे. तो आजच्या आज तेमाला पोचेल. अक्राला जाऊ नकोस. पाया पडते, पण जाऊ नकोस. एकदा मी तसं केलं, ते पुरे झालं.

वास घेतला, तो श्नॅप्सचा होता. हिरव्या चौकोनी बाटलीतली, पितरांना जमिनीवर ओततात ती दारू, निम्मं पाणीच असतं तिच्यात. मीही आधी तुझ्यासारखंच नको त्या माणसावर गेले. मग सोमवार आठवला. सोमवारी सगळ्यात वाईट, म्हणजे रविवारी काहीतरी होतं. त्या रविवारी चर्चमधून मी लवकर परत आले आणि घराच्या मागच्या भिंतीआड उभी राहिले. गाडी तिथेच लावते, टाकीचं तोंड त्या बाजूलाच असतं.

आई आली. चर्चचा काळा-पांढरा झगा अजून अंगावर. झाकण काढलं, झग्याच्या घडीतून बाटली काढली, दोन्ही हातांनी धरून ओतायला लागली आणि बाबांचं नाव घेतलं.

मी म्हटलं, "आई! काय करतेस?"

तिने ओतणं थांबवलं नाही. "दिसतंय ना. त्याला पाजतेय."

"अगं ते बाबा नाहीत, पेट्रोलची टाकी आहे!"

"मला काय वेड लागलंय? टाकी आहे हे कळतं मला. पण ओतू कुठे? अंगणात? चर्चच्या पंचाची बायको मी. चर्चला पितरांना ओतलेलं चालत नाही, आणि समोर पाद्रीबाईंची खिडकी आहे."

मग बाटली खाली ठेवली आणि सांगितलं. आपले बाबा, दर वर्षी दारूविरुद्ध प्रवचन देणारे, संध्याकाळी गाडी लावली की उतरायच्या आधी सीटच्या मागची बाटली काढून एक घोट घ्यायचे. एकच. सगळा जन्म. फक्त तिला माहीत होतं. ते गेले तेव्हा पंच म्हणून त्यांच्यासाठी कुणी थेंबही ओतला नाही. नुसती स्तोत्रं. "सगळ्यांच्या बापांना मिळतं," ती म्हणाली, "तुझ्याच बापाने तहानलेलं राहायचं?" गाडी पहिल्यांदा खोकली, तिला वाटलं ते मागतायत. तिने दिली. त्याच आठवड्यात साकीने प्लग बदलले आणि गाडी सुधारली. झालं! पुन्हा खोकली, पुन्हा दिली. आपण जेवढी दुरुस्ती केली, त्या सगळ्याचं श्रेय त्या बाटलीला. ईस्टरला घर पाहुण्यांनी भरलेलं, तिला जमलं नाही, म्हणून गाडी पळाली. आणि मी गात होते!

मी म्हटलं, "आई, तुझ्या त्या घोटानेच ती गुदमरते आहे."

तिने वाकून टाकीच्या तोंडात बघितलं. "म्हणजे मी त्याला एवढे महिने ठसका लावत होते?"

मला तिच्यावर इतका राग आला होता, ओफोसू! आणि तो राग ठेवायला जागा सापडेना. मी झाकण लावलं. तिचं झग्याचं टोक ओलं झालं होतं, ते पिळून दिलं.

आता बघ. अँत्वीदादा विचारणारच, गाडीला झालं काय होतं. खरं सांगितलं तर आईचा प्रभुभोजनाचा हक्क जाईल, पहिल्या बाकावरून उठवतील. नाही सांगितलं, तर गाडीची हेळसांड मी केली असं ठरतं. बेदियाकोची माफी मागायला गेले तर तोही कारण विचारेल.

बिरागो


तेमा
१३ मे

ताई,

गेलो नाही. पत्र वाचून आधी हसलो, मग गोदीच्या पायरीवर बसून राहिलो. बाबा! जन्मभर मला सरबताच्या बाटलीवरून ओरडले.

आईचं नाव घेऊ नकोस. अँत्वीदादाला सांग, कार्बोरेटर झिजला होता, बदलला. त्याला इंजिनातलं काही कळत नाही. बेदियाकोला पाव दे आणि गप्प बस, काळ जाईल तसा विसरेल. मी येऊ शकत नाही, मोठ्या बोटीचं इंजिन उघडून पडलंय आणि मालक डोक्यावर बसलाय. विधीच्या आदल्या दिवशी टाकी पुन्हा एकदा रिकामी कर. आणि रविवारी आईला एकटी सोडू नकोस!

ओफोसू


ओबो
२१ मे

ओफोसू, बाळा,

अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, बोलणं माझं. तिने मध्ये काही घुसवलं तर ते कंसात टाक असं बजावलंय.

तुम्ही दोघांनी माझ्यासाठी खोटं ठरवलंत. पत्र चोळीत लपवून ठेवलं होतं तिने. मला वाचता येत नाही, पण चेहरे येतात. (मी लपवलं नव्हतं, नुसतं ठेवलं होतं.)

अँत्वी आला. खाली न्कॉकॉला गाडीत बसला, मागे खुर्च्या, मंडपाचे बांबू, त्याची बायको आणि तिची पेटी. बायको अँत्वीपेक्षा जड आहे. गाडी चढली. दुसऱ्या वळणावर म्हणे तोच श्वास रोखून बसला होता. (मीही.)

विधीचं जेवण झाल्यावर सगळी मंडळी बसली. त्याची म्हातारी माणसं, आपली, पाद्रीबाबा. अँत्वीने विचारलं, "गाडी तर उत्तम आहे. मग इतके महिने घाटात का थांबत होती? कोण चालवत होतं, कसं चालवत होतं?" बिरागो उठली आणि म्हणाली, "दादा, कार्बोरेटर..."

मी म्हटलं, "खाली बस. खोटं बोलायचं तर निदान कार्बोरेटर तरी नीट म्हण. तुझी जीभ अडखळली."

आणि मग मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. तुझ्या बापाचा घोट, माझी बाटली, टाकी. पोरीने गाडीची हेळसांड केली नाही, मी केली, हे सांगितलं. कुणाची तरी चमची पडली. पाद्रीबाबा मंडपाच्या बांबूकडे असे बघत होते, की जणू तो त्यांनीच रोवलाय.

अँत्वी शेवटी म्हणाला, "मामी, मामा माझ्यासमोर कधीच प्यायला नाही. मी त्याचा वारस, आणि मला हे माहीत नव्हतं." त्याच्या आवाजात राग होता की रडू ते मला कळलं नाही. मग त्याने आपल्या माणसांकडे पाहिलं. ते एकमेकांत कुजबुजले आणि तो म्हणाला, "गाडी ओबोतच राहील. मामी आहे तोवर तिची, पुढे बिरागोची. टाकीत पेट्रोल, दुसरं काही नाही. आणि मामाला जे द्यायचं ते मी देईन." त्याने बाटली मागवली, पायातली वहाण काढली आणि सगळ्यांदेखत अंगणात ओतली. नाव घेऊन. पाद्रीबाबांनी पाठ फिरवली, पण उठून गेले नाहीत. एवढं त्यांचं मला फार वाटलं.

प्रभुभोजन तीन महिने बंद. मागच्या बाकावर बसायचं. तिथे वारा चांगला येतो. पाद्रीबाई अजून बोलत नाहीत, पण काल पाव घेऊन गेल्या.

बेदियाकोकडे मीच गेले. गाडीतळावर, सगळ्यांसमोर, तिथेच, जिथे बिरागोने त्याला बोल लावला होता. (आईने मला शेजारी उभं केलं आणि माझा दंड धरून ठेवला.) तो आधी ऐकून घेईना. मग ऐकलं, आणि म्हणाला, "आई, माझ्या पेट्रोलपेक्षा तुमचं महाग आहे. एवढं महाग पाजून गाडी चढणार कशी?" हसला. बिरागोकडे बघून मात्र नाही हसला. त्याला वेळ लागेल. लागू दे, तिची चूक आहे.

तू सुट्टी मिळाली की ये. बोट काय, ती पाण्यातच आहे, कुठे जाते?

आता रविवारी अंगणात ओतते, भिंतीच्या मागे नाही. एकच घोट, तो घ्यायचा तेवढाच. टाकीतून त्याला लगेच मिळत होतं असं मला वाटायचं. जमिनीतून खाली झिरपत जायला वेळ लागेल, मधे मुळं आहेत, दगड आहेत. जाऊ दे सावकाश. तो वाट बघेल. मला तरी आता कुठे घाई आहे?

आई
(आणि बिरागो. भट्टी पेटली आहे, मैदा पोचला आहे.)